दादाच्या आवाजावर गोळीबार

चूक माझीच होती. मुलीच्या लॅपटॉपवर एक गाणं लावायचं म्हणून मी ते माउसने उचललं आणि भलत्याच चित्रावर नेऊन सोडलं.

कचेरीत मला कॉम्प्युटरमधला जाणकार समजतात. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला की मला हाक मारतात. त्या अधिकाराने मी बायकोच्या फोनमधलं एक रेकॉर्डिंग केबल लावून लॅपटॉपात आणलं, मुलगी कॉलेजात गेलेली बघून तिचे स्पीकर सुरू केले, आणि गाणी वाजवण्याचं जे चित्र असतं त्याच्या शेजारच्याच चित्रावर फाइल टाकली. पडदा काळाभोर झाला. मधोमध पोह्याएवढा एक पांढरा त्रिकोण उगवला. मग स्पीकरमधून ढोलकीची पहिली थाप पडली, ती माझीच, आणि त्या थापेसरशी चारही कोपऱ्यांतून हिरवे किडे त्रिकोणावर चालून आले.

मला वाटलं, व्हायरस. कचेरीतल्या सूचनेप्रमाणे मी आधी वायर ओढून काढली. लॅपटॉपला आत बॅटरी असते हे त्या सूचनेत नव्हतं. किडे वाढतच गेले. तेवढ्यात दादाने गण उचलला आणि त्याच्या लांबवलेल्या स्वरातून एक निळा साप निघाला, पडदाभर वळवळत. मी घाबरून दिसतील ती बटणं दाबत सुटलो. त्यातलं एक गोळ्या झाडायचं असावं. धाडधाड आवाज झाला आणि सापाच्या ठिकऱ्या उडाल्या.

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. आमच्या गावच्या जाखडी मंडळाचा शाहीर. जाखडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मध्ये शाहीर आणि वाजवणारे बसतात, भोवती पोरं एका पायात घुंगरू बांधून गोल नाचतात, आणि सामना असला की समोर दुसऱ्या गावचं मंडळ असतं. एक पक्ष शक्तीचा, एक तुऱ्याचा. दोघांनी आळीपाळीने गायचं आणि गाण्यातून एकमेकांचे जमतील तेवढे वाभाडे काढायचे. गणपतीचे दिवस देवाच्या नावाचे असले तरी आमच्याकडे त्यातला बराच वेळ असा समोरच्याला टोचण्यात जातो. मी त्या मंडळात ढोलकी वाजवत होतो. मिसरूड फुटल्यापासून ती माझी जागा होती, दादाच्या उजव्या हाताला. आणि त्या दिवशी आमचं बोलणं बंद होऊन वर्ष होत आलं होतं.

मुलगी घरी आली तेव्हा मी खुर्चीच्या टोकावर बसून घामाघूम झालो होतो.

"बाबा, तुम्ही मोठ्या काकांना गेममध्ये टाकलंत?"

"मी नाही टाकलं, ते पडले."

तिने समजावलं. हा खेळ म्हणे परदेशातल्या कुणा एकट्या माणसाने घरात बसून बनवलाय. त्याला स्वतःचं संगीत नाही. आपण आपलं गाणं द्यायचं. तो ते ऐकतो आणि त्यातून शत्रू बनवतो. प्रत्येक ठोक्याला शत्रू, चढ्या आवाजाला जास्त शत्रू. गाणं तापलं की पडदा लाल होतो आणि आपली बंदूकही तापते; गाणं मंदावलं की शत्रू थोडे, पण आपल्या हातातही जणू रंगपंचमीची पिचकारी. तिच्या मैत्रिणी त्यात कुठली कुठली इंग्रजी गाणी घालून खेळतात. जाखडी घालणारा जगातला पहिला माणूस तिचा बाप, असं ती म्हणाली. म्हणाली ते कौतुकाने नव्हे.

मी मात्र एकाच गोष्टीवर अडकलो होतो. "म्हणजे हे यंत्र ठोके मोजतं?"

"ओळखतं, असं म्हणा."

"कोण चुकलं ते त्याला कळतं?"

"बाबा, तो गेम आहे. पंच नाही."

पण पोरीचं ऐकेल तो मी कसला?

आता भांडण काय होतं ते सांगायला हवं. गेल्या वर्षी गौरी गेल्यानंतर शेजारच्या गावात सामना होता. मैदान भरलेलं, मुंबईकरांच्या गाड्या पार कातळापर्यंत लागलेल्या, आणि बायको बायकांत बसून फोनवर सगळं रेकॉर्ड करत होती. सवालाचं पद चाललं होतं, म्हणजे ज्यात समोरच्या शाहिराला कोडं घालतात ते. लय चढत होती. आणि मधेच सगळं विस्कटलं. दादा पुढे, ढोलकी मागे, नाचणारी पोरं कुणाच्या मागे जावं ते न कळून एकमेकांच्या अंगावर. एकाचं घुंगरू सुटून प्रेक्षकांत गेलं. तेव्हा दादा माझ्याकडे वळला आणि माइक तोंडासमोर तसाच धरून म्हणाला, "काय रं, ढोलकी झोपली काय? कुनी तरी पानी मारा तिच्या तोंडावर."

अख्खं मैदान हसलं. समोरचा शाहीर तर टपूनच बसलेला. त्याने पुढच्याच पदात मला घोंगडी पांघरली, उशी दिली आणि अंगाई गायली. मी मान खाली घालून वाजवत राहिलो. माझ्या कचेरीतले दोघे जण पहिल्या रांगेत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कुणीतरी घड्याळ आणून ठेवलं होतं, गजराचं.

माझं म्हणणं एकच: मी झोपलो नव्हतो. दादा पळाला. मी लय धरून होतो आणि तो लय सोडून पुढे धावला. हे मी त्याच दिवशी सांगितलं, मग फोनवर सांगितलं, मग फोन घेणं त्याने बंद केल्यावर घरातल्या भिंतींना सांगितलं. यंदा श्रावण लागला आणि गावाकडून बातमी आली की दादाने ढोलकीच बंद केली. हातखंब्याकडचा कुणी पॅडवाला ठरवलाय. पॅड म्हणजे ते विजेवरचं सपाट यंत्र, त्यावर काठ्या मारल्या की ढोलकीपासून तोफेपर्यंत काय हवं ते वाजतं. एकदा का यंदा तो पॅडवाला बसला की माझी जागा कायमची गेली. मंडळाची बैठक येत्या रविवारी होती. त्याच्या आत मला सिद्ध करायचं होतं की चूक दादाची. आणि आता माझ्याकडे असा साक्षीदार होता ज्याला भाऊ नाही, भावकी नाही, आणि ज्याला दादाच्या डोळ्यांची भीती वाटत नाही.

मुलीच्या मागे लागून मी त्या रेकॉर्डिंगमधलं तेवढं सवालाचं पद वेगळं कापून घेतलं. तिने ते केलं, पण अटीवर. "तुमच्या भांडणात मला ओढायचं नाही. मी हे खेळणारही नाही, ऐकणारही नाही. आणि लॅपटॉप वेळेवर परत." मग कानांत स्वतःचं दुसरंच संगीत कोंबून ती निघून गेली.

रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की मी बसायचो. पहिले दोन दिवस मी पहिल्या कडव्यातच मरत होतो. दादाच्या 'जी जी'ला साथ देणारे मागचे तिघे एकदम ओरडले की नारिंगी चक्रं यायची आणि मला चिरडून जायची. शेवटी मुलीने माझी दया येऊन कुठेतरी काहीतरी बदललं, की त्रिकोण मरत नाही, नुसते गुण कमी होतात. माझे गुण शून्याच्या खाली गेले. तसे ते जाऊ शकतात हे तिलाही माहीत नव्हतं.

पण खेळताना मी जो माणूस व्हायचो तो मला ठाऊक नव्हता. दादाने तान घेतली की मी दात खायचो. "ये, ये मेल्या, ये पुढं," असं मी माझ्या थोरल्या भावाला, ज्याच्या मी पाया पडतो, बटण आवळून म्हणत होतो. त्याच्या प्रत्येक शब्दावर गोळी. त्याचा खर्ज आला की जाड जांभळे गोळे यायचे, ते फोडायला मला विशेष आवडायचे. माझ्या ढोलकीचे हिरवे किडे मी शक्यतो सोडून द्यायचो, म्हणून तर गुण जायचे. बायको दार लावून घ्यायची.

"शेजारच्या काकू विचारत होत्या, घरात पोलीस आलेत का म्हणून."

"त्यांना सांग, संशोधन चाललंय."

"संशोधन करताना आईवरून शिव्या देतात का हो?"

"आई दोघांची वेगळी आहे, चालतं."

आणि संशोधनाला फळ आलं! ज्या जागी लय विस्कटली, त्याच्या किंचित आधी, पडदा लालभडक व्हायचा. दर वेळी. आधी ओळीने येणारे शत्रू, आणि त्या जागी अचानक मधमाश्यांचं मोहोळ फुटावं तसे लालच लाल, कुठून येतात कळू नये असे. मग सगळं विस्कटायचं. म्हणजे काय? म्हणजे माझ्या थापेआधीच दादाने उडी मारली होती. ते लाल मोहोळ म्हणजे दादाची घाई. फोनच्या बारीक आवाजात ऐकताना हे कळत नव्हतं. तिथे माझं लक्ष फक्त माझ्या थापेवर, बाकी लोकांच्या शिट्ट्या, बायकांची कुजबूज, शेंगदाण्याच्या पुड्या, सगळा कालवा. इथे त्या जागी बंदूकही तापलेली, गोळ्यांच्या धडधडाटात तर काहीच ऐकू यायचं नाही. पण डोळ्यांना दिसत होतं. मी ते तीनदा बायकोला बोलावून दाखवलं.

"बघ. हा बघ दादा पळाला."

तिने बघितलं. कणकेचे हात पदराला न पुसता तशीच उभी राहिली. "हे घेऊन तुम्ही बैठकीला जाणार?"

"जाणार."

"जाऊ नका."

"का?"

"मी म्हणते म्हणून जाऊ नका. नाही वाजवली ढोलकी एक वर्ष तर काय बिघडतं? भावजींचं वय झालं."

"वय झालं म्हणून तोंड सुटतं का? माइकवरून बोलला मला."

"बोलले. आता त्याला वर्ष झालं."

"तू माझी बायको आहेस की त्याच्या मंडळाची?"

यावर ती आत गेली आणि त्या रात्रीची आमटी जरा खारटच झाली. मी तिच्यावरही चिडलो. घरातसुद्धा माझ्या बाजूने कुणी नाही, असं मनाशी म्हणत मी पुन्हा बटणं दाबत बसलो.

रविवारी दुपारी मी लॅपटॉप दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून स्कूटरवर निघालो. जयगडच्या वाटेवर आमचं गाव. पाऊस आडवा येत होता. पोचलो तेव्हा देवळाच्या सभामंडपात सगळे जमले होते. दादा खांबाला टेकून बसलेला, खांद्यावर टॉवेल. मला बघून त्याने मान फिरवली.

"ह्याला कोनी बोलावला?" तो झांजवाल्याला म्हणाला.

"मंडळ माजा पन हाय," मी म्हटलं. गावात पाऊल टाकलं की माझी जीभ आपोआप गावची होते.

"मंडळ तुजा हाय, तर निजायला घरची खाट हाय ना तुजी?"

दोघे-तिघे हसले. मी ढोलकीच्या रिकाम्या पेटीवर लॅपटॉप मांडला आणि आरतीच्या वेळी लावतात तो मंडळाचा मोठा स्पीकर ओढून घेतला. तो खांबाला टेकवला, दादाच्या उजव्या अंगाला.

"काय रं ह्यो? शिनेमा आनलंस?" झांजवाला पुढे सरकला.

मी सगळं समजावलं. थाप, शत्रू, लाल रंग, मोहोळ. समजावताना माझ्या लक्षात आलं की हे घरी जितकं शास्त्रीय वाटत होतं तितकं इथे वाटत नाहीये. पन्नाशीचा सरकारी नोकर भावाच्या विरुद्ध व्हिडिओ गेम घेऊन देवळात आलाय, एवढंच त्यांना दिसत होतं.

दादाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे माज्या आवाजातनं किडे निघतात, असा तुजा म्हनना?"

"माज्या थापेतनं पन निघतात."

"तुज्या थापेतनं किडे निघतात ता मला म्हाईत हाय. माज्या आवाजातनं निघतात, ता तू आज सांगतंस."

"दादा, तू आधी बग तरी."

"बगतो. आनि मग तुला बगतो."

मी खेळ सुरू केला. स्पीकरमधून पहिली गोळी सुटली ती अशी की गाभाऱ्याच्या दारातून गुरव धावत बाहेर आला. "बंद करा आधी! देवळात बंदुकीचा आवाज नको." लोकांनी त्याची बाजू घेतली. मुलीने मला गोळ्यांचा आवाज बंद करायची जागा दाखवून ठेवली होती. मी तो बंद केला. आता नुसतं पद वाजणार होतं आणि गोळ्या मुक्याने उडणार होत्या. उलट बरंच झालं, मला वाटलं. माझी थाप स्वच्छ ऐकू येईल.

पण इथे घर नव्हतं. पंधरा-वीस माणसं पाठीशी, दादाचे डोळे मानेवर. मी पहिल्या ओळीतच सगळ्या किड्यांत जाऊन बसलो.

"सरक," दादा म्हणाला. "माजा आवाज हाय, मीच बगतो."

आणि तो बसला की हो! चष्मा नाकावर ओढून, मांडी घालून, लॅपटॉप स्वतःकडे फिरवून घेतला. कुठलं बटण कशाचं एवढं विचारलं आणि पद पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. माणसाला स्वतःचा आवाज किती आवडतो बघा. पहिल्या ओळीला तो मान डोलावत होता आणि त्याच वेळी स्वतःच्याच तानेवर गोळ्या झाडत होता. "ह्यो बग, उडवला. ह्यो पन उडवला." आजूबाजूची माणसं आता खरंच रंगात आली. झांजवाला "डावीकडं, दादा, डावीकडं," असं ओरडत होता. मी हात बांधून उभा राहिलो. मला घाई नव्हती. ती जागा येणार होती, सगळ्यांच्या समोर, दादाच्या स्वतःच्या हातून येणार होती. मी तिची वाट बघत होतो, हे सांगताना आज जीभ चावतो, पण तेव्हा मला भूक लागल्यासारखं होत होतं.

त्याच वेळी वहिनी, म्हणजे दादाची बायको, बैठकीसाठी चहाची किटली घेऊन मंडपाच्या पायरीवर आली. डोक्यावर इरलं नव्हतं, पदरच होता, भिजलेला. पडद्याकडे बघत ती तिथेच थांबली.

लय चढली. पडदा नारिंगी झाला. आणि मग ते लाल मोहोळ फुटलं.

आणि स्पीकरमधून, ढोलकी आणि दादाचा आवाज मागे टाकून, अगदी कानाशी बोलावं तसा माझ्या बायकोचा आवाज आला. फोन तिच्याच हातात होता ना! "अहो वहिनी, भावजी पुढे पळतायत हो. हे लय धरूनच आहेत, तरी ते ऐकतच नाहीत."

आणि लगेच दुसरा आवाज. वहिनीचा. "ह्यांना त्या कानान् ऐकाया येत नाय गो. उजव्या. दोन वर्सा झाली. मी पन बोलायचा तर समोर जाऊन उभी ऱ्हाते. कुनाजवळ बोलू नको. मंडळाला कळला तर गाना बंद करतील ह्यांचा, आनि गाना बंद झाला तर ह्यो मानूस घरात जगायचा नाय."

मग पदाचा विचका. घुंगरांचा गोंधळ. दादाचा माइकवरचा तो टोमणा, आणि मैदान हसलं.

सभामंडपात कुणी हसलं नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता. झांजवाल्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. एकेकाची नजर पडद्यावरून निघाली आणि दादाच्या उजव्या कानावर जाऊन थांबली. माझं लाल मोहोळ, माझा बिनभावकीचा साक्षीदार, म्हणजे माझ्या बायकोची आणि वहिनीची कुजबूज होती. फोनच्या अगदी तोंडाशी बोललेली, म्हणून यंत्राला तीच सगळ्यांत मोठी फौज वाटली होती.

आणि दादा खेळत होता. पद त्याला पाठच होतं, त्यावर तो डोलत होता; मधलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. स्पीकर त्याच्या उजव्या अंगाला होता, मीच ठेवलेला.

"आला रं आला!" तो बटणं बडवत ओरडला. "किती ते! उडवले, सगळे उडवले!" मग हात थांबवून त्याने वर बघितलं. "का गप झालात रं? कोन मेला?"

वहिनी पायरीवर उभी होती. तिच्या हातातली किटली तिरकी होऊन चहा तिच्या पायावर ठिबकत होता आणि तिला ते कळत नव्हतं. ती दादाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मला तेव्हा पॅड आठवलं. पॅडवाल्याने आपला खोका शाहिराच्या डाव्या हाताला ठेवायचा, असं दादाने आधीच सगळ्यांना बजावलं होतं, हे गावाकडच्या बातमीत होतं. मी त्याला नखरे म्हटलं होतं.

"काय?" दादा माझ्याकडे वळला. अख्खा वळला, तोंड माझ्या तोंडासमोर आणून. आता मला दिसत होतं की तो हल्ली असाच वळतो. "दावायचा होता ना तुला? बगला मी. कुटं चुकला माजा ठोका? सांग ना, सगळ्यांसमोर सांग."

वर्षभर मी या प्रश्नाची वाट बघितली होती. उत्तर तोंडात तयार होतं, आणि ज्यांना ते ऐकायचं होतं त्यांनी ते आत्ताच ऐकलंही होतं. मला फक्त मान हलवायची होती.

"नाय दादा," मी म्हटलं. "माजाच चुकला."

"काय?"

"माजाच चुकला."

"मोट्यानं बोल की! कचेरीत सायबासमोर पुटपुटतंस तसा नको. ऐकू दे सगळ्यांना."

मग मी मोठ्याने बोललो. देवळात, घंटेखाली उभा राहून, घसा ताणून ओरडलो की मी झोपलो होतो, माझा ठोका चुकला, दादाचा सूर बरोबर होता. झांजवाला खाली बघत होता. गुरव आत निघून गेला.

"हां," दादा म्हणाला. "आता खरा बोललास. वर्ष गेला तुजा एवढा बोलायला?" टॉवेलने चष्मा पुसत तो मंडळींकडे वळला. "पॅडवालाच बरा. ह्याला झांजेला बसवा, मागच्या रांगेत. निजला तरी कुनाला कळनार नाय."

या वेळी काही जण हसले, हसायला हवं म्हणून. कुणीही पॅडच्या विरोधात बोललं नाही. झांजवाल्याने आपली जुनी झांज माझ्या हातात दिली. वहिनीने चहा ओतला. माझ्या कपात तिने तो काठोकाठ भरला, बशीत सांडेपर्यंत. दादाने निघताना आणखी एक टोमणा मारला तो इथे लिहीत नाही, कारण तो चांगला होता.

परत येताना पावसात मी एकटाच बडबडत होतो. दादावर नव्हे, तो राग कुठेतरी सांडला होता. आता तो सगळा बायकोकडे निघाला होता. हिला माहीत होतं! वर्षभर मी भिंतींशी बोललो, कचेरीत गजराचं घड्याळ सोसलं, पोरीचा लॅपटॉप बळकावला, आणि ही कणीक मळत होती.

दारातच मी सुरुवात केली. ओले कपडेही काढले नाहीत. सगळं सांगितलं: तिचा आवाज, वहिनीचा आवाज, झांज. ढोलकी गेली ती गेलीच. "एकदा, एकदाच सांगितलं असतंस मला, तर आज ही वेळ आली असती का?"

तिने लॅपटॉपवरच्या पिशव्या सोडवल्या, पाणी आत गेलंय का ते बघितलं. मग म्हणाली, "गेल्या वर्षी सांगितलं असतं, तर तुमच्या पोटात राहिलं असतं का? आणि हा आता तिच्या टेबलावर नेऊन ठेवा, आठवडाभर तिचा अभ्यास खोळंबलाय."